गाळलेलं नाव : एका फॅमिली पेन्शनचं प्रकरण

जानेवारी २०२४. काकू पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांच्या हातात बँकेचं पत्र होतं आणि पत्रात ९६,५५२ रुपये परत मागितले होते. नवरा जाऊन पाच महिने झाले होते. "हे गेले, आणि आता सरकार आमच्याकडंच पैसे मागतंय," एवढंच त्या बोलल्या आणि पत्र माझ्याकडे सरकवलं.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात, लेखा शाखेत तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून शनिवारी सकाळी सांगलीत पेन्शनरांची कागदपत्रं बघायला बसते. फी नाही, काही नाही. हे प्रकरण मी दोन वर्षं जवळून पाहिलं. यात आपल्या घरांमध्ये होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका एकत्र सापडतात, म्हणून ते पूर्ण लिहिते आहे. काकूंच्या लेकीची परवानगी घेतली आहे. नावं देत नाही.

घरातली परिस्थिती अशी. काका केंद्र सरकारी नोकरीतून ३१ मे २०११ रोजी साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि ९ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. मागे काकू, चव्वेचाळीस वर्षांचा कमावता मुलगा आणि एकेचाळीस वर्षांची मुलगी. मुलीचं लग्न २००९ मध्ये झालं होतं. २०१८ पासून ती माहेरी होती आणि २०१९ मध्ये तिने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला होता. पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवून महिन्याला पाच-सहा हजार मिळवत होती.

आता आकडे, कारण पेन्शनच्या प्रकरणात आकडे मांडल्याशिवाय भीती जात नाही. निवृत्तीच्या वेळी काकांचा मूळ पगार ग्रेड पेसह १५,५०० होता. सातव्या वेतन आयोगात तो काल्पनिक वेतन म्हणून, म्हणजे पेन्शनच्या हिशेबापुरता कागदोपत्री, ३९,९०० धरला गेला. त्याच्या निम्मं म्हणजे १९,९५० ही त्यांची मूळ पेन्शन. जुलै २०२३ पासून महागाई भत्ता ४६ टक्के होता, त्याचे ९,१७७ रुपये. त्यातून कम्युटेशनचे ३,१०० वजा होत. महिन्याला हातात २६,०२७.

हे ३,१०० काय, ते सांगते, कारण याचीच मुलाला जास्त धास्ती होती. निवृत्त होताना पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. काकांनी तसे तीन लाख चार हजारांच्या वर घेतले होते आणि घराचा वरचा मजला बांधला होता. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. त्यांचा २०२६ मध्ये झाला असता. ते आधीच गेले. मुलाने हिशेब मांडला होता की उरलेले जवळपास चौतीस महिने, महिना ३,१००, म्हणजे लाखाच्या वर रक्कम आता आईच्या पेन्शनमधून कापणार. कापत नाहीत. पेन्शनर गेला की तो हिशेब तिथेच मिटतो. शिवाय फॅमिली पेन्शन ही नवऱ्याच्या कापलेल्या पेन्शनवर ठरत नाही, शेवटच्या पगारावर ठरते. पगाराच्या ३० टक्के. म्हणजे ३९,९०० चे ११,९७०, अधिक महागाई भत्ता ५,५०७. एकूण १७,४७७.

(निवृत्तीनंतर लवकर मृत्यू झाला तर काही काळ ५० टक्क्यांच्या वाढीव दराने मिळते : सात वर्षं, किंवा पेन्शनर सदुसष्ट वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. काका बहात्तरचे होते, त्यामुळे ते लागू नव्हतं.)

मग ९६,५५२ आले कुठून? काकांची पेन्शन बँकेत जमा होत राहिली, कारण बँकेला कोणी कळवलंच नाही. मुलाकडे एटीएम कार्ड होतं. त्याने पैसे काढले ते दवाखान्याचं बिल आणि दिवसकार्यासाठी. उधळले नाहीत. घरात सगळ्यांची समजूत अशी की "आता ती आईचीच पेन्शन आहे." नोव्हेंबरात हयातीचा दाखला गेला नाही, म्हणून डिसेंबरची पेन्शन थांबली. मग बँकेने चौकशी केली आणि खात्यावर होल्ड लावला. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत देय असते, तो दिवस धरून. १० ऑगस्टपासून पुढची रक्कम जादा. ऑगस्टचे बावीस दिवस आणि तीन पूर्ण महिने, म्हणजे बरोबर ९६,५५२. बँकेची बेरीज चुकीची नव्हती. पण ती अर्धीच बेरीज होती.

कारण त्याच १० ऑगस्टपासून काकूंची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवी होती. त्याच काळाचे त्यांचे ६४,८३४ रुपये देणं होतं. खरा फरक ३१,७१८. पत्र वाचून काकूंनी दोन पाटल्या मोडायची तयारी केली होती. त्या सोनाराकडे गेल्या असत्या तर परत कोणी आणून दिल्या नसत्या, हे लिहितानाही मला वाईट वाटतं. पेन्शनरच्या विधवेला वसुलीचं पत्र पाठवताना त्याच पानावर "तुमचं आमच्याकडे इतकं येणं आहे" हे लिहायला दोन ओळी लागतात. त्या लिहिल्या जायला हव्यात.

कागद अगदी साधे लागतात. पत्नीचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, असेल, तर फॅमिली पेन्शनसाठी कार्यालयाची नवी मंजुरी लागत नाही, बँकच सुरू करते. साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पेन्शनरकडची पीपीओची प्रत, वय आणि ओळखीचा पुरावा, जादा जमा झालेली रक्कम परत करण्याचं हमीपत्र. संपलं. खातं दोघांचं असेल तर नवीन खातंही उघडावं लागत नाही. यांचं होतं दोघांचं.

तरी अडलंच. पीपीओत काकूंचं नाव एक आणि आधारवर दुसरं. आपल्याकडे त्या पिढीत हे घरोघर आहे. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, ते सासरी चाललं आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या कागदांवर चढलं. पण शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा. पुढे त्यावरून मतदार ओळखपत्र आणि त्यावरून आधार. एकच बाई, दोन नावं. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "या दुसऱ्या बाई आहेत." त्याच्यासमोर काकू उभ्या होत्या.

एका एजंटाने राजपत्रात नाव बदलून देतो म्हणून चार हजार मागितले होते. मी थांबवलं. काकूंना विचारलं, पेन्शनच्या कागदांवर तुमचा दोघांचा फोटो काढला होता का? त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून विम्याच्या पावत्या, घरपट्टी आणि एक जुना लिफाफा काढला. लिफाफ्यात पीपीओ आणि त्यासोबत संयुक्त फोटोची साक्षांकित प्रत होती. २०११ चा फोटो. काका इस्त्रीच्या शर्टात, ताठ बसलेले. काकू खांद्यावरून पदर घेतलेल्या. कार्यालयाचा गोल जांभळा शिक्का दोघांवर मिळून पडलेला, अर्धा त्यांच्या खिशावर, अर्धा हिच्या पदरावर. खाली अधिकाऱ्याची सही आणि काकूंचं सासरचं नाव. तो फोटो, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाचं एक पत्र, एवढ्यावर बँकेने मान्य केलं. फेब्रुवारीअखेर डिसेंबर आणि जानेवारीच्या थकलेल्या ३४,९५४ मधून फरकाचे ३१,७१८ वळते झाले आणि खात्यात ३,२३६ रुपये उरले. पाटल्या हातातच राहिल्या.

इथपर्यंतचं प्रकरण सोपं म्हणायचं. खरी गाठ पुढे होती.

काका एक मृत्युपत्र करून गेले होते. त्यात "राहते घर व माझे पेन्शन मुलाकडे जावे" असं वाक्य होतं. मुलगा ते घेऊन आला. वाईट हेतू नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आईनंतर पेन्शन त्याच्याकडे येईल आणि बहिणीला तो सांभाळेल. मी त्याला सांगितलं की घराबद्दल वकिलाला विचार, पण पेन्शनबद्दलचं ते वाक्य रद्दी आहे. फॅमिली पेन्शन ही मृताची मालमत्ता नसते. ती त्याने कधी हातात धरलेलीच नसते, मग देणार कशी? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (व्हायोलेट आयझॅक विरुद्ध भारत सरकार) हे स्पष्ट केलं : फॅमिली पेन्शन कर्मचाऱ्याच्या इस्टेटीचा भाग नाही, मृत्युपत्राने ती कोणाला देता येत नाही. ती ज्याला नियम देतो त्यालाच मिळते. मृत्यूच्या दिवसापर्यंतची थकबाकी ही वेगळी गोष्ट, ती नॉमिनीला किंवा वारसांना जाते. आपल्याकडे नॉमिनी, वारस आणि फॅमिली पेन्शनचा हक्कदार हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरतात, आणि निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

नियम कोणाला देतो? आधी पत्नी किंवा पती, हयात असेपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत. (मूल नसलेल्या विधवेला स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर पुनर्विवाहानंतरही मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) मग पंचवीस वर्षांखालची मुलं. कायमचं अपंगत्व असलेलं, कमावू न शकणारं मूल असेल तर त्याला आयुष्यभर. त्यानंतर पंचवीसच्या वरच्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुली, त्या आईवडिलांवर अवलंबून असतील तर. अवलंबून म्हणजे उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन ९,००० अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी. विधवा आणि घटस्फोटित मुलींना वयाची अट न ठेवता हा हक्क २००४ मध्ये मिळाला, अविवाहित मुलींना २००७ मध्ये. कमावत्या, धडधाकट, चव्वेचाळीस वर्षांच्या मुलाला या यादीत जागाच नाही.

कुटुंब म्हणजे कोण, हे न्यायालयंही काटेकोरपणे बघतात. नागपूरच्या एका प्रकरणात केंद्रीय कर्मचारी निवृत्त होऊन वारला, नंतर त्याच्या विधवेने मुलगा दत्तक घेतला. त्या मुलाने फॅमिली पेन्शन मागितली. १७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली : कर्मचाऱ्याच्या हयातीत जे नातं नव्हतं ते त्याच्या पेन्शनसाठी कुटुंब धरता येणार नाही.

म्हणून मी काकांच्या निवृत्तीच्या वेळचा कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म मागवला. त्यात दोनच नावं होती. पत्नी आणि मुलगा. मुलीचं नाव नव्हतं.

लेक समोरच होती. तिने फॉर्म दोनदा वाचला, मग शांतपणे म्हणाली, "माझं लग्न झालं होतं ना मावशी तेव्हा." काकू लगेच म्हणाल्या, "त्यांनी वाईट मनानं नाही गं केलं. मुलगी दिल्या घरची, असंच धरतात सगळे." मला माहीत आहे की असंच धरतात. मी नोकरीत असताना असे फॉर्म शेकड्यांनी बघितले. आणि लाज वाटते, पण सांगते, कितीतरी वेळा मीही विचारलं नाही की मुली नाहीत का तुम्हाला. फॉर्ममध्ये सगळ्या मुलांची नावं लिहायची असतात, लग्न झालेलं असो वा नसो, आज हक्क असो वा नसो. हक्क कोणाचा हे वेळ येईल तेव्हा ठरतं. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचं नाव यादीतून जात नाही.

चूक दुरुस्त करता येत होती. पेन्शनर गेल्यावरही पती किंवा पत्नी कुटुंबाचा तपशील कार्यालयाला कळवू शकते, आणि कार्यालयाने त्याची पोच द्यायची असते. मार्च २०२४ मध्ये काकूंनी अर्ज केला. मजकूर मी सांगितला, पण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. शाळेत चौथीपर्यंतच गेलेल्या, अक्षर मोठं आणि वेगळं वेगळं. मुलीच्या नावापुढे "नातं" या रकान्यात त्यांनी "मुलगी" लिहिलं आणि पुढे स्वतःच्या मनाने "माझ्याजवळ राहते" अशी भर घातली. सोबत जोडलं : मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आणि २०१९ च्या घटस्फोट अर्जाची पहिल्या पानावर न्यायालयाचा शिक्का असलेली प्रत. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. दीड महिन्याने पोच आली. लेकीला सांगितलं, या पोचेच्या तीन झेरॉक्स काढ आणि मूळ प्रत पीपीओच्या लिफाफ्यात ठेव.

घटस्फोटाचा निकाल मात्र लागत नव्हता. करोनात दोन वर्षं वाया गेलेली, समोरचा माणूस तारखेला येत नसे. काकूंची तब्येत खालावत चालली होती. त्या दर वेळी विचारायच्या, "मी असेपर्यंत होईल ना?" मला तेव्हा त्यांना खात्री देता आली, आणि ती का देता आली ते पुढे येईल.

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी काकू गेल्या. या वेळी मुलाने तिसऱ्या दिवशी बँकेत मृत्यूची माहिती लेखी दिली आणि एटीएम कार्ड परत केलं. एक रुपयाही जादा जमा झाला नाही.

घटस्फोटाचा हुकूम २१ एप्रिल २०२५ ला झाला. पोटगी तिने सोडून दिली होती, सुटका हवी होती फक्त. मे महिन्यात तिने फॅमिली पेन्शनचा अर्ज केला : आईचा मृत्यूचा दाखला, हुकुमाची प्रमाणित प्रत, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पुनर्विवाह केला नसल्याचं प्रमाणपत्र, जुनी पोच. जुलैत नकार आला. कारण एका ओळीत : आईच्या मृत्यूच्या दिवशी अर्जदार विवाहित होती.

वरवर पाहता नकार नियमाला धरून वाटतो. ११ सप्टेंबर २०१३ च्या केंद्राच्या स्पष्टीकरणाप्रमाणे मुलीने पात्रतेच्या अटी आईवडिलांच्या हयातीतच पूर्ण केलेल्या असायला हव्यात. पण न्यायालयातल्या तारखा मुलीच्या हातात नसतात, आणि हे अनेकींच्या बाबतीत घडल्यावर १९ जुलै २०१७ ला केंद्राच्या पेन्शन विभागाने नवा आदेश काढला : घटस्फोटाचा दावा आईवडिलांपैकी किमान एकजण हयात असताना दाखल झाला असेल, तर निकाल दोघांच्या पश्चात लागला तरी मुलगी पात्र ठरते. पेन्शन मात्र घटस्फोटाच्या तारखेपासून. २०२१ च्या नव्या पेन्शन नियमांत हे नियम ५० मध्येच आलं आहे. काकूंना मी खात्री देत होते ती याच आधारावर. दावा दाखल झाला तेव्हा तर आई आणि वडील दोघंही होते.

फेरअर्ज एका पानाचा केला. वाद घातला नाही, कोणावर आरोप केला नाही. तारखांचा तक्ता : दावा २०१९, वडिलांचा मृत्यू ऑगस्ट २०२३, आईने तपशील कळवला मार्च २०२४, आईचा मृत्यू नोव्हेंबर २०२४, हुकूम एप्रिल २०२५. खाली नियमाचा क्रमांक आणि २०१७ च्या आदेशाची तारीख. सोबत दाव्याच्या पहिल्या पानाची प्रत, शिक्क्याभोवती पेन्सिलीने गोल करून. हाच मजकूर केंद्राच्या पेन्शन तक्रार पोर्टलवर टाकला. सप्टेंबरअखेर मंजुरी आली.

२१ एप्रिल २०२५ पासून ११,९७० अधिक ५५ टक्के महागाई भत्ता, १८,५५४ रुपये महिना. नोव्हेंबर ते एप्रिल या मधल्या पाच महिन्यांचं काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. पुनर्विवाह केला किंवा उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर ही पेन्शन थांबेल, आणि तसं नाही हे तिला ठरावीक मुदतीने लिहून द्यावं लागेल. थकबाकीतून तिने पहिल्यांदा नवीन शिलाई मशीन घेतलं. दादाने दुकानापर्यंत रिक्षा केली.

हे सगळं केंद्राच्या नियमांचं झालं. राज्य सरकारच्या, जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांना महाराष्ट्राचे १९८२ चे नियम आणि त्यावरचे शासन निर्णय लागू होतात. तिथे केंद्राचा आदेश दाखवून काम होत नाही. कारखान्यातून, सूतगिरणीतून, एसटीतून ईपीएस-९५ ची (प्रॉव्हिडंट फंड खात्याची) पेन्शन घेणाऱ्यांचं तर सगळंच निराळं : विधवेला साधारण निम्मी, सोबत दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत प्रत्येकी त्या रकमेच्या पाव भाग. तिथे या वयाच्या घटस्फोटित लेकीला असा आधार नाही.

नोव्हेंबरात लेक हयातीचा दाखला द्यायला आली. मोबाइलवर चेहरा दाखवून पाच मिनिटांत झालं. सोबत तिच्या गल्लीतल्या दोघी होत्या, दोघींचे नवरे निवृत्त, दोघेही घरी धडधाकट. लेकीनेच त्यांना पीपीओ आणि कुटुंबाच्या तपशिलाची प्रत घेऊन यायला सांगितलं होतं. पहिलीचा कागद मी उघडला. पत्नी, मुलगा. "मुली किती तुम्हाला?" मी विचारलं. "तीन," ती म्हणाली. लेकीने माझ्या टेबलावरचा कोरा फॉर्म ओढून घेतला आणि थोरलीची जन्मतारीख विचारली.